काचेच्या टेबलावर जागचा न हलणारा माऊस: लॉजिटेक एर्गो एम५७५, दोन वर्षांच्या वापरानंतर

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. केंद्र म्हणजे घराचीच पुढची खोली. तिच्यात एक टेबल, टेबलावर जाड काच, आणि काचेखाली दाखल्यांच्या शुल्काचा तक्ता व लागणाऱ्या कागदपत्रांची यादी. त्या काचेवर लॅपटॉप, प्रिंटर, बोटांचे ठसे घेणारे यंत्र, शाईचे पॅड आणि स्टेपलर मांडल्यावर माऊस फिरवायला जेमतेम वीतभर जागा उरते, आणि समोरच्या माणसाने आधार कार्ड, पासबुक व आठ-अ ठेवलेली पिशवी उपडी केली की तीही संपते. साधा ऑप्टिकल माऊस आपल्या पोटाखालचा पृष्ठभाग पाहून हालचाल ओळखतो. स्वच्छ काचेवर त्याला धरण्यासारखे काही दिसत नाही, म्हणून पॅड लागते, आणि ते पॅड कायम कुणाच्या तरी पासबुकाखाली असते. या अडचणीमुळे मी ट्रॅकबॉलकडे वळलो. २०२३ च्या दिवाळीपासून लॉजिटेकचा एर्गो एम५७५ हा बिनतारी ट्रॅकबॉल मी रोज, आणि अर्जांच्या हंगामात दिवसाचे दहा-दहा तास, वापरत आलो आहे.

हे उपकरण ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आकार माऊससारखाच, पण अंमळ मोठा आणि उजव्या तळव्याला साजेसा फुगीर. डाव्या अंगाला, जिथे अंगठा टेकतो तिथे, ३४ मिलिमीटर व्यासाचा एक गोळा खोबणीत बसवलेला असतो. माऊस जागचा हलत नाही. अंगठ्याने गोळा फिरवला की पडद्यावरचा बाण फिरतो. डावे आणि उजवे बटण, मध्ये स्क्रोलचे चाक, आणि डाव्या बटणाच्या कडेला मागच्या-पुढच्या पानावर जाण्यासाठी दोन लहान बटणे, एवढीच त्याची रचना आहे. आतला सेन्सर गोळ्याकडे पाहत असल्यामुळे खाली काच आहे, सतरंजी आहे की मांडी, याच्याशी त्याला काही देणेघेणे नाही.

पहिल्या आठवड्यात फेरफारासाठी आलेल्या एका आजोबांनी बराच वेळ माझ्या हाताकडे पाहिले आणि मग न राहवून विचारले, "हा उंदीर तं जागचा हालूनच नाही रायला जी, मंग तुमचं काम कसं होते?" त्यांची शंका रास्त होती, पण हा प्रकार नवा मात्र नाही. ब्रिटिश नौदलासाठी काम करणाऱ्या राल्फ बेंजामिन यांनी रडारच्या पडद्यावर खूण फिरवण्यासाठी गोळ्याची ही कल्पना १९४६ मध्ये मांडली. पुढे कॅनडाच्या नौदलाच्या एका प्रकल्पात तर त्यासाठी बोलिंगच्या खेळातला चेंडूच वापरला होता. डग्लस एंगलबार्ट यांनी माऊस जाहीरपणे दाखवला तो १९६८ मध्ये. म्हणजे नात्याने पाहिले तर गोळा थोरला आणि उंदीर धाकटा.

आता खऱ्या फायद्याकडे येतो. विकत घेताना मी फक्त जागेचा विचार केला होता. हाताला पडलेला मोठा फायदा वेगळाच निघाला. साधा माऊस टेबलावर मोकळा असतो. कुणाचे कोपर लागले, कुणी कागद सरकवला, की तोही सरकतो आणि बाण भलत्याच ठिकाणी जाऊन बसतो. सेवा केंद्राच्या कामात हे दिवसातून पन्नासदा घडते, कारण आमचे काम सलग नसते. गट क्रमांक भरायचा, मग सातबाऱ्यावरचे क्षेत्र हेक्टर-आरमध्ये तपासायचे, मग ठशाचे यंत्र पुढे करायचे, बोट पुसायला सांगायचे, पुन्हा लावायला सांगायचे, आणि ठसा जुळल्याबरोबर पुढचे बटण दाबायचे. या सगळ्या उठाठेवीत ट्रॅकबॉलचा बाण जिथे ठेवला तिथेच राहतो. ठसा जुळेपर्यंत मी बाण आधीच 'सबमिट'वर नेऊन ठेवतो, दोन्ही हात यंत्राकडे लावतो, आणि परत आल्यावर फक्त बटण दाबतो. ज्यांचे ठसे शेतीकामाने झिजलेले आहेत त्यांच्या बाबतीत हे दोन-तीन क्षण फार मोलाचे असतात, कारण तेवढ्यात संकेतस्थळाची वेळ संपते आणि सगळा अर्ज पहिल्यापासून भरावा लागतो.

२०२४ च्या पावसाळ्यात एका रुपयातल्या पीक विम्याचे अर्ज आणि लाडकी बहीण योजनेचे अर्ज एकाच सुमारास आले, तेव्हा या माऊसची खरी परीक्षा झाली. सर्व्हर दिवसा चालत नसे, म्हणून रात्री अकरानंतर बसावे लागे, आणि त्या वेळी टेबलाऐवजी मी खाटेवर पाय पसरून, लॅपटॉप स्टुलावर आणि माऊस शेजारच्या उशीवर ठेवून अर्ज भरत असे. पूर्वी अशा दिवसांत संध्याकाळपर्यंत मनगटापासून कोपरापर्यंत ठणका लागायचा. त्या हंगामात तो लागला नाही, कारण मनगट हलतच नव्हते. मात्र सगळे श्रम अंगठ्याकडे गेले. तिसऱ्या आठवड्यात अंगठ्याच्या बुडाशी ओढ जाणवू लागली, तेव्हा मी लांबलचक यादीतून गावाचे नाव शोधण्यासाठी गोळ्याऐवजी चाक आणि कळफलक वापरायला सुरुवात केली आणि बाणाचा वेग वाढवला. ज्यांचा अंगठा आधीच दुखतो त्यांनी अंगठ्याचा ट्रॅकबॉल घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गोळा मधोमध असलेले आणि बोटांनी फिरवायचे ट्रॅकबॉलही मिळतात. केन्सिंग्टनचा ऑर्बिट हा त्यांपैकी एक.

सवय व्हायला वेळ लागतो, आणि तो किती लागेल याबद्दल विक्रीच्या पानांवरचे आश्वासन जरा उदारच असते. मला पुरते दोन आठवडे लागले. पहिले चार दिवस तर मी अंगठ्याने गोळा फिरवत असताना सगळा माऊसही टेबलावर ढकलत होतो, कारण पंधरा वर्षांची सवय हाताला होती. लहान चौकोनांवर टिचकी मारताना बाण पुढे निसटायचा. यावर उपाय असा सापडला की लांबचे अंतर एका झटक्यात पार करायचे आणि शेवटचे बोटभर अंतर अगदी हळू फिरवायचे. विंडोजच्या माऊस सेटिंगमध्ये 'एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन' हा पर्याय असतो. साध्या माऊसला अनेक जण तो बंद ठेवतात, पण ट्रॅकबॉलला तो चालू ठेवल्याचा मला फायदा झाला, कारण हळू फिरवल्यावर बाण बारीक चालतो आणि झटका दिल्यावर लांब जातो. कंपनीचे सॉफ्टवेअर टाकल्यास सेन्सरची संवेदनशीलता ४०० ते २००० डीपीआयच्या दरम्यान बदलता येते; हा आकडा जितका मोठा, तितका थोड्या फिरवण्यात बाण लांब जातो. या माऊसला बाण क्षणभर मंद करण्यासाठी वेगळे बटण नाही; ते याच कंपनीच्या महागड्या एमएक्स एर्गोमध्ये आहे, आणि अर्जासाठी फोटो व सही मोजक्या आकारात कापताना त्याची उणीव मला जाणवते.

कापसाबद्दल मात्र सविस्तर लिहिले पाहिजे, कारण माऊसचे परीक्षण करणाऱ्यांच्या घरात कापूस नसतो. आमच्याकडे दिवाळीनंतर वेचणीचा कापूस घरात येतो आणि भाव चढण्याची वाट पाहत मागच्या खोलीत छतापर्यंत पडून राहतो. मधल्या दाराला पडदा लावला तरी तंतू उडतातच, आणि पुढच्या खोलीतल्या प्रत्येक यंत्रात शिरतात. ट्रॅकबॉलमध्ये गोळा तीन बारीक मण्यांवर तोललेला असतो. बोटाचे तेल, धूळ आणि कापसाचे तंतू यांची मिळून एक करडी बुरशीसारखी वात या मण्यांभोवती जमते, मग गोळा एका दिशेने नीट फिरतो आणि दुसऱ्या दिशेने अडखळतो. पहिल्यांदा असे झाले तेव्हा मला सेल संपल्यासारखे वाटले आणि मी उगाच नवा सेल आणला. उपाय अगदी सोपा आहे. माऊस उलटा करून खालच्या गोल छिद्रातून पेन्सिलीच्या बोथट टोकाने गोळा ढकलला की तो बाहेर येतो. मण्यांवरचा मळ दात कोरायच्या काडीने अलगद काढायचा, सेन्सरच्या खिडकीवर हलकी फुंकर मारायची, गोळा धुतलेल्या सुती फडक्याने पुसायचा आणि परत बसवायचा. एवढ्याला दोन मिनिटे लागतात. पावसाळ्यात हे काम महिन्यातून एकदा केले तरी चालते. डिसेंबर ते फेब्रुवारी मी दर सोमवारी करतो. गोळा काढताना खाली हात धरावा, कारण आमच्या घरी तो एकदा निसटून थेट पलंगाखाली गेला आणि पुतण्याच्या कंच्यांच्या डब्यातून दुसऱ्या दिवशी परत मिळाला.

पुसून अगदी कोरडा केलेला गोळा काही वेळ बिचकत फिरतो, हेही लक्षात ठेवावे. अंगठ्याचे थोडे तेल लागले की तो पुन्हा मोकळा होतो. उलट मे महिन्यात, पारा पंचेचाळीसच्या पुढे गेलेला असताना, कूलरसमोर बसूनही तळवा ओला असतो आणि गोळा चिकट लागतो. तेव्हा मी शेजारी दुपट्टा ठेवतो आणि अधूनमधून अंगठा पुसतो. साध्या माऊसला हा त्रास एवढा जाणवत नव्हता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

सेलच्या बाबतीत मी पूर्ण समाधानी आहे. याला एकच पेन्सिल सेल लागतो, तोच जो भिंतीवरच्या घड्याळाला लागतो, त्यामुळे तो गावातल्या किराणा दुकानातही मिळतो. लॅपटॉपला लावायच्या लहान रिसीव्हरवर चालवल्यास सेल २४ महिने आणि ब्लूटूथवर २० महिने पुरेल असे कंपनी म्हणते. माझा वापर सामान्यांपेक्षा जास्त आहे. डब्यातून आलेला सेल मला दीड वर्षाहून थोडा अधिक पुरला. रात्री केंद्र बंद करताना तळाचे बटण सरकवून माऊस बंद करण्याची सवय मी लावून घेतली आहे. जिथे वीज कधी जाईल याचा नेम नसतो तिथे चार्ज कराव्या लागणाऱ्या माऊसपेक्षा सेलचा माऊस बरा, असे मला वाटते. फक्त सेल अल्कलाइन घ्यावा. स्वस्त सेल आत पाझरला तर पत्रे खराब होतात.

जोडणीचे दोन मार्ग आहेत: लहान यूएसबी रिसीव्हर, जो सेलच्या कप्प्यात ठेवता येतो, आणि ब्लूटूथ. माझ्या लॅपटॉपला तीनच यूएसबी जागा. त्यांत प्रिंटर, ठशाचे यंत्र आणि डोंगल गेल्यावर काही उरत नाही, म्हणून मी बहुतेक ब्लूटूथच वापरतो. रिसीव्हर लावला तर तो निळ्या रंगाच्या, म्हणजे यूएसबी ३ च्या जोडणीपासून दूर लावावा. त्या जोडणीतून वेगाने माहिती जात असताना २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींना अडथळा होतो आणि बाण तुटक चालतो. पेन ड्राइव्हवर फाइली उतरवताना मी हे स्वतः अनुभवले आहे.

खरेदीची कथा थोडक्यात. आधी मी एक अनोळखी छापाचा स्वस्त ट्रॅकबॉल मागवला होता. त्याचा गोळा महिनाभरात घासून फिरू लागला आणि परत करण्याची मुदत तोवर संपली होती. मग चार हजारांच्या आसपास रक्कम मोजून हा घेतला. आमच्या पिनकोडवर पार्सल येते म्हणून दाखवतात, पण कुरिअरवाला गावापर्यंत येत नाही आणि 'ग्राहक घरी नव्हते' असा शेरा मारून परत पाठवतो, असा अनुभव एकदा आल्यामुळे मी आर्वीतल्या मित्राच्या दुकानाचा पत्ता दिला. जमल्यास नागपूरला सीताबर्डीच्या एखाद्या दुकानात हातात धरून पाहावा, कारण तळवा लहान असेल तर याची पाठ मोठी वाटते.

केंद्रात मदतीला येणारा मुलगा डावखुरा आहे आणि हा माऊस फक्त उजव्या हाताचा आहे, त्यामुळे तो माझ्या खुर्चीवर बसला की जुना तारेचा माऊस आणि पॅड पुन्हा बाहेर निघते. एलेकॉम या जपानी कंपनीचा डाव्या हाताचा ट्रॅकबॉल आहे, पण तो बाहेरून मागवावा लागेल. तोवर जुना माऊस खणातच ठेवला आहे. गटाचा नकाशा मोठा करून बांधाची रेघ पाहायची असेल किंवा एखादा वाकडा आलेला फोटो कापायचा असेल, तर मीही तोच काढतो.