मिशा आठच होत्या, पण मासा आपला नव्हता

इंदापूर तालुक्यात आमचं शेततळं आहे, 'मागेल त्याला शेततळे' योजनेतलं, 30 बाय 30 मीटरचं. पाणी डाळिंबाला लागतं, पण नुसतं पाणी ठेवण्यापेक्षा मासे सोडावेत म्हणून जूनमध्ये 3,000 बोटुकली, म्हणजे बोटभर पिलं, घेतली. 'देशी मांगूर' (मिशांचा आपल्याकडचा मासा) म्हणून, 4 रुपये नगानं. आधी पिलांचे पैसे, मग खाद्याचे 30 हजार, असा खर्च पुढं वाढत गेला.

मी डोळे झाकून घेतली असं नाही. एजंटनं ऑक्सिजन भरलेली पिशवी फोडून घमेल्यात ओतली आणि स्वतःच म्हणाला, "दादा, मिशा मोजा." मोजल्या. चार जोड्या, आठ. पाठीवरचा पर डोक्यामागून थेट शेपटीपर्यंत गेलेला, म्हणजे शिंगी नव्हे, ती मिशांच्या माशांतली दुसरी जात. शिंगीलाही मिशा आठच असतात, पण तिचा पाठीवरचा पर चिमूटभर असतो. शिंगाडा नावाच्या माशाला पाठीवर शेपटीकडं मांसल असा वेगळा छोटा पर असतो, तोही इथं नव्हता. मी खूश. मांगूर ओळखला म्हणून खूश! पण मांगूर दोन आहेत, आणि मी तपासलेल्या सगळ्या खुणा दोघांनाही लागू पडतात, हे त्या माणसाला माहीत होतं. म्हणून तर मिशा मोजायला त्यानं आपणहून सांगितलं.

दसऱ्याच्या सुमारास मासा पाऊण किलोवर गेला. मला वाटलं, आपल्या हाताला गुण आहे. उजनीवर जाळं टाकणारे एक भोई तात्या खताच्या ट्रॉलीसाठी घरी आले होते, त्यांना कौतुकानं तळ्यावर नेलं. त्यांनी एक मासा काढला, ओल्या पोत्यावर दाबून धरला आणि डोक्यावरून अंगठा मागं फिरवला. "मालक, ह्यो आपला न्हाई. आपला चार महिन्यांत वितीएवढा हुईना."

मग त्यांनी माझा अंगठा तिथं ठेवला. डोक्याची कवटी जिथं संपते तिथलं हाड देशी मांगुरात मागं निमुळतं होत एका टोकाला येतं. याचं रुंद, मधे खाच पडलेलं, दोन कंगोऱ्यांचं. डोकं चपटं, वरून खरखरीत. अंगावर संगमरवरासारखे काळे-राखाडी ढग. देशी मांगूर साधारण एकरंगी, तपकिरी-काळपट. बोटभर पिलात हे हाड चाचपून काय कळणार? तिथंच फसगत होते.

हा तो थाई मांगूर. नाव थाई, मूळचा आफ्रिकेतला. आपल्याकडं 2000 सालापासून याच्या पालनावर बंदी आहे. कोंबड्यांच्या आतड्यांवरसुद्धा वाढतो, किलोंनी वाढतो, आणि स्थानिक मासे गिळतो. हवेतून श्वास घेता येतो म्हणून ओल्या जमिनीवरून सरपटत दुसऱ्या पाण्यात जातो.

आता कळतं की भावातच सगळं होतं. देशी मांगुराची मादी अंडी देते ती काही हजारांत, त्यामुळं बीज नेहमी कमी आणि महाग. थाईच्या मोठ्या मादीची अंडी लाखाच्या घरात जातात. ढिगानं आणि स्वस्त 'देशी' मांगूर कुणी देत असेल तर आधी आईबाप मासे दाखव म्हणावं, त्यांच्या डोक्यावर अंगठा फिरवावा. आणि बिलावर प्रजातीचं नाव लिहून घ्यावं. माझ्या बिलावर नुसतं 'मत्स्यबीज – 3000 नग' होतं. तक्रारीला गेलो तेव्हा पहिला प्रश्न हाच आला, की यात मांगूर कुठं लिहिलंय? एजंटचा फोन तर दसऱ्याआधीच बंद.

खोटं कशाला बोलू, एक व्यापारी 70 रुपये किलोनं रात्री गाडी लावायला तयार होता. दोन दिवस मी गप्प बसलो. मग बायको म्हणाली, "उद्या हेच मासे दुसऱ्याला देशी म्हणून जाणार, तुम्हाला गेले तसे." मत्स्यव्यवसाय खात्याला कळवलं, त्यांच्यासमोर तळं उपसलं, जेसीबीनं खड्डा घेतला, चुना टाकून पुरले. वर माती पडत होती तरी खालचे हलत होते. चिवट जात.

मोजणीत 1,140 निघाले. बाकीचे एकमेकांनी खाल्ले असतील, तात्या म्हणाले, ही जात खातेच. पण परतीच्या पावसात एका रात्री तळं काठोकाठ भरून बांधावरून पाणी वाहिलं होतं. खाली ओढा आहे, तो भीमेला मिळतो. सकाळी बांधाच्या गवतात एक मेलेला सापडला होता, तोंड ओढ्याकडं. तेव्हा मी तो कुत्र्याला टाकला होता.