डॉल केकचा टिन : दांडी कामाची, उंची तोकडी

डॉल केक म्हणजे मधोमध बाहुली खोचलेला, तिच्या फ्रॉकचा घेर बनणारा केक. त्यासाठीचा घेरदार फ्रॉकच्या आकाराचा हा टिन साधारण 8 इंच रुंद आणि 5 इंच उंच. सेटमध्ये मधोमध बसणारी धातूची दांडी, निमुळती बाजू खाली करून टिन उभा ठेवायला स्टँड आणि कमरेपासून वरचीच असलेली, खाली खुंटीवाली बाहुली मिळते.

ओव्हनमध्ये चालणाऱ्या खोलगट वाडग्यातही असा केक होतो. मग टिन घ्यायचा कशाला? त्या दांडीसाठी. इतक्या खोल केकच्या मध्यापर्यंत उष्णता पोचेस्तोवर कडा कोरड्या पडतात. वाडग्यात गाभा ओला राहतो आणि बाहुली खोचली की केक तिथेच खचतो. दांडी तापते आणि केक आतूनही भाजला जातो. मात्र टिनइतकंच दांडीलाही बटर लावून मैदा भुरभुरायला हवा. नाहीतर दांडी ओढताना गाभा तिच्याबरोबर उपटून येतो.

हलका स्पंज इथे टिकत नाही, घट्ट बटर केकच हवा. बटर 250 ग्रॅम, साखर 250 ग्रॅम, 5 अंडी, मैदा 300 ग्रॅम, बेकिंग पावडर दीड छोटा चमचा आणि लागेल तसं दोन-तीन मोठे चमचे दूध. टिन दोन तृतीयांशच भरा, उरलेल्या मिश्रणाचे कपकेक करा. 160 अंश सेल्सिअसवर तास ते सव्वा तास लागतो. पाऊण तासानंतर वरून फॉइल झाका. सुई दांडीला लागून खुपसू नका. दांडी आणि कड यांच्या मधोमध खुपसा, कारण तोच भाग सगळ्यात शेवटी शिजतो. बाहेर काढल्यावर 15 मिनिटांनी टिन उपडा करा आणि केक पूर्ण गार झाल्यावरच फुगलेला तळ कापून सपाट करा.

आता खरी उणीव. सोबतच्या अर्ध्या बाहुलीऐवजी पूर्ण बाहुली लावायची, तर साडेअकरा इंची बार्बी कमरेपर्यंतच सहा-सात इंच भरते, म्हणजे 5 इंचांच्या केकमध्ये ती मांड्यांपासून वर उघडी राहते. त्यासाठी 8 इंच व्यासाचा, दोन इंच जाड गोल केक वेगळा भाजून खाली ठेवावाच लागतो. टिनच्या खोक्यावर हे ठळक लिहायला हवं. दांडीने पडलेलं भोकही बाहुलीच्या कमरेला अरुंदच पडतं. तशीच दाबून बसवली तर फ्रॉक समोरून उभा तडकतो, म्हणून सफरचंदाचा गर काढायच्या कोररने भोक आधी रुंद करून घ्या आणि राहिलेली फट क्रीमने भरा.

सोबतची अर्धी बाहुली लगेच बसते, पण चेहरा आणि केस सुमार. शिवाय केक संपल्यावर तिच्याशी खेळता येत नाही. लहान मुलासाठी पूर्ण बाहुलीचीच खटपट करावी. तिचे पाय कमरेपर्यंत क्लिंग फिल्ममध्ये (पातळ, चिकटणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये) गुंडाळा, केस वर बांधून तेही झाका.

दोन्ही थरांवर भरगच्च फुलं काढायला 400 ग्रॅम बटर आणि 800 ग्रॅम आयसिंग शुगरचं क्रीम लागतं. क्रीमचा पहिला पातळ हात देऊन केक अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला नाही, तर सुटलेला चुरा प्रत्येक पाकळीत दिसतो. पायपिंग बॅगेला (क्रीम पिळायच्या पिशवीला) चांदणीच्या तोंडाचं स्टार नोझल लावून खालून वर जा, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची कड झाकते. कमरेचा सांधा सगळ्यात शेवटी. चंदेरी साखरगोळ्या छोट्यांच्या घशात अडकू शकतात, त्या नकोतच. आधारासाठी टूथपिकही खोचू नका.

टिन दुसऱ्या कशाला फारसा लागत नाही, तेव्हा उसना मिळाला तर तोच घ्यावा. पार्टी दुसरीकडे असेल तर केक बाहुलीशिवाय न्या आणि थोडं क्रीम पायपिंग बॅगेत बरोबर ठेवा. बाहुली तिथे बसवून कमरेभोवती शेवटची ओळ काढली की झालं.