मिरबेस: विषाणूंच्या मायक्रोआरएनएची मोफत नोंदवही, लिम्फोमाच्या अभ्यासकाने वापरून पाहिलेली

विषाणूजन्य लिम्फोमावरचे, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींच्या कर्करोगावरचे, शोधनिबंध वाचू लागले की ‘बार्ट-5’, ‘बीएचआरएफ1-3’, ‘के12-11’ अशी मायक्रोआरएनएंची, म्हणजे जनुकांचे काम दाबणाऱ्या आरएनएच्या चिमुकल्या तुकड्यांची, नावे पानोपानी भेटतात. ही नावे देण्याचे आणि प्रत्येक नावामागचा अक्षरक्रम जपून ठेवण्याचे काम ‘मिरबेस’ हे संकेतस्थळ करते. 2002 साली केंब्रिजजवळच्या सँगर संस्थेत ‘मायक्रोआरएनए रजिस्ट्री’ या नावाने ते 218 नोंदींनिशी सुरू झाले. पुढे ते मँचेस्टर विद्यापीठात गेले, आणि 2018 च्या 22 व्या आवृत्तीत 271 सजीवांच्या 38,589 पूर्वरूपांची (मायक्रोआरएनए ज्यांतून कापून निघतात त्या लांब आरएनएंची) नोंद झाली. शुल्क नाही, खाते उघडण्याची अट नाही. एवढ्या मोठ्या भांडारातला विषाणूंचा कोपरा तसा लहान आहे, आणि हे परीक्षण त्या कोपऱ्यापुरतेच आहे.

लिम्फोमाशी जोडलेल्या एपस्टाइन-बार विषाणूचे, म्हणजे ईबीव्हीचे, पान उघडले की 25 पूर्वरूपे आणि त्यांतून कापून निघणारे 44 परिपक्व मायक्रोआरएनए एका यादीत दिसतात: तीन पूर्वरूपे बीएचआरएफ1 जनुकाच्या आसपासची, उरलेली 22 विषाणूच्या जनुकसंचातल्या ‘बार्ट’ नावाच्या विभागातली. प्रत्येक नोंदीत आरएनएची केसपिनेसारखी दुमड अक्षराअक्षराने काढलेली असते आणि परिपक्व तुकडा तिच्या कोणत्या बाजूने निघतो तेही लगेच कळते. हे चित्र विद्यार्थ्यांपुढे ठेवले की पाच मिनिटांचे व्याख्यान वाचते.

या यादीचा इतिहास मात्र पानावरून उमगत नाही. 2004 मध्ये विषाणूचे मायक्रोआरएनए पहिल्यांदा सापडले तेव्हा ईबीव्हीचे फक्त पाच हाती लागले, कारण प्रयोगासाठी घेतलेल्या ‘बी95-8’ या वाणातून सुमारे 12 हजार अक्षरांचा तुकडा गळालेला होता आणि बार्ट विभागाचा बहुतेक भाग त्याच तुकड्यात होता. गंमत अशी, की हाच तुटका वाण प्रयोगशाळेत माणसाच्या बी-पेशींना (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशींना) अखंड वाढत राहायला लावतो. म्हणजे निदान काचेच्या बशीत तरी बी-पेशींच्या अशा रूपांतरासाठी बहुतेक बार्ट मायक्रोआरएनएंवाचून अडत नाही. उलट बीएचआरएफ1 गटातले तिन्ही काढून टाकले की रूपांतराची क्षमता लक्षणीय घटते. बर्किट लिम्फोमाच्या, म्हणजे बी-पेशींच्या एका कर्करोगाच्या, पेशींत चित्र पुन्हा पालटते: तिथे बीएचआरएफ1 गट सहसा गप्प असतो, आणि पेशीला आत्मनाशापासून वाचवण्याच्या कामात बार्ट हातभार लावतात. बार्ट-5 हा ‘प्यूमा’ या मृत्युप्रवर्तक प्रथिनाला दाबतो, तर बार्ट-2 हा ‘एमआयसीबी’ हे प्रथिन कमी करून नैसर्गिक मारक पेशींची नजर चुकवतो. मिरबेसच्या यादीत हे सगळे एकाच रांगेत, एकाच आकाराच्या अक्षरांत उभे आहेत. कोणत्या अर्बुदात (कर्करोगाच्या गाठीत) कोण मोठ्याने बोलतो आणि कोण कुजबुजतो, हे तिथे कळत नाही.

या संकेतस्थळाचे खरे मोल मला तुलनेत जाणवले. परिपक्व अक्षरक्रमांची एकत्रित फाइल उतरवून घ्यावी आणि तिच्यात माणसाचा मिर-155, कापोसी सार्कोमा विषाणूचा (केएसएचव्हीचा) के12-11 आणि कोंबड्यांच्या मारेक रोगाच्या विषाणूचा एम4 शोधून एकाखाली एक लिहावेत. तिघांचीही सुरुवात यू-यू-ए-ए-यू-जी-सी-यू अशी, आठही अक्षरे जशीच्या तशी. पुढे मात्र तिघांच्या वाटा वेगळ्या. मायक्रोआरएनए आपले सावज, म्हणजे ज्याला दाबायचे ते जनुक, मुख्यतः दुसऱ्या ते आठव्या अक्षराने, म्हणजे ‘बीजा’ने, ओळखतो. त्यामुळे हे साम्य दिसताच 2007 मध्ये के12-11 हा मिर-155 चीच सावजे दाबतो असे का आढळले असावे, ते न सांगता उलगडते. मिर-155 चा अतिरेक उंदरांच्या बी-पेशींत घडवला तर त्यांना रक्ताचा कर्करोग होतो, आणि के12-11 बाळगणारा विषाणू शरीराच्या पोकळीतल्या द्रवात वाढणाऱ्या लिम्फोमाच्या प्रत्येक पेशीत असतो. ईबीव्हीकडे अशी नक्कल नाही. तो आपल्या एलएमपी1 प्रथिनाकरवी माणसाचाच मिर-155 वाढवून घेतो. सर्वांत ठाम पुरावा कोंबड्यांकडून आला: एम4 च्या बीजातली दोनच अक्षरे बदलली तरी तो विषाणू कोंबड्यांत लिम्फोमा घडवेनासा होतो. (ज्या रोगाविरुद्ध उबवणकेंद्रात पिलांना पहिल्याच दिवशी लस टोचतात, तोच हा.)

तक्रारींत पहिली कापोसी विषाणूच्या यादीची. या विषाणूची मायक्रोआरएनए जनुके 12, नोंदी मात्र 13, कारण के12-10 च्या ‘ए’ आणि ‘बी’ अशा दोन नोंदी आहेत. ती दोन जनुके नव्हेत. एकाच आरएनएतले एक अक्षर पेशीतल्या विकराने बदलले की दुसरे रूप तयार होते. नवख्याने नुसत्या नोंदी मोजल्या तर तो हमखास फसेल. दुसरी तक्रार अद्ययावततेची: मी वापरली ती 22.1 ही आवृत्ती ऑक्टोबर 2018 ची आहे, आणि इतक्या वेगाने धावणाऱ्या विषयासाठी ती जुनी वाटते. मायक्रोआरएनए कोणत्या जनुकाला दाबतो याचा पुरावा हवा असेल तर इथे अडून बसू नये. त्यासाठी चंडीगडच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेने 2014 मध्ये प्रसिद्ध केलेले ‘व्हिर-मायआरएनए’ हे भांडार शेजारच्या खिडकीत उघडे ठेवावे. प्रयोगाने सिद्ध झालेले विषाणूंचे मायक्रोआरएनए आणि त्यांची सावजे तिथे एकत्र मिळतात.

फाइल उतरवणाऱ्यांसाठी आणखी एक: सर्व सजीवांचे क्रम एकाच फाइलीत असतात, म्हणून ‘ईबीव्ही’ किंवा ‘केएसएचव्ही’ या उपसर्गाने गाळून घ्यावे. क्रम आरएनएच्या लिपीत, म्हणजे ‘यू’ अक्षरासह असतात, तर अनुक्रमण यंत्राची, म्हणजे नमुन्यातला अक्षरक्रम वाचणाऱ्या यंत्राची, वाचने ‘टी’ अक्षरात येतात. माझी एक अख्खी दुपार एकही जुळणी का मिळत नाही हे शोधण्यात गेली, आणि दोष माझाच होता: ‘यू’चे ‘टी’ करायचे राहून गेले होते.