स्वाधार योजना : पुण्यात पुरते का?

सरकारी वसतिगृहात नंबर न लागलेल्या अनुसूचित जाती-नवबौद्ध मुलांसाठीची ही योजना. धाकटीला मिळते, म्हणून लिहितोय. पुण्यासाठी वर्षाला ६०,००० : जेवणाला ३२,०००, राहायला २०,०००, निर्वाह भत्ता ८,०००. मेसचं बऱ्यापैकी भागतं. खोलीचं गणित मात्र बसत नाही. महिना सोळा-सतराशेत सदाशिव पेठेत कॉट तरी कोण देतं? वरचे पैसे आबा सोयाबीन विकून धाडतात. रक्कम थेट खात्यात येते, पण हप्त्यानं. दोन महिन्यांची मेस गाठीशी ठेवूनच या. तिच्या रूमवरची एक पोरगी कॉल सेंटरच्या रात्रपाळीपायी पहिल्याच वर्षी कॉलेज सोडून गेली. आमची, नोकरी न धरता, तिसऱ्या वर्षाला पोचली. माझ्याकडून पाचपैकी चार तारे. पाचवा सरकार खोलीभाड्याची रक्कम वाढवेल तेव्हा.