‘१० कोटींच्या वर एकही टोकन नाही’ म्हणाले आणि २६० कोटी टोकन छापले

सोलापुरात पुन्हा एक नवं क्रिप्टो ‘कॉइन’ फिरायला लागलंय. क्रिप्टो म्हणजे नुसतं संगणकावर असणारं चलन, त्याच्या एका नगाला कॉइन किंवा टोकन म्हणतात. पूर्व भागातून कानावर आलं, जुळे सोलापुरातूनही आलं. नाव वेगळं, पण बोलणं अक्षरशः तेच: ‘टोकन मर्यादित आहेत, दर महिन्याला थोडे जाळतो (म्हणजे कायमचे नष्ट करतो), त्यामुळे भाव वरच जाणार.’ २०२३ साली याच बोलण्यावर माझे दीड लाख गेले, माझ्या साडूंचे चार लाख गेले. आमच्या गल्लीतल्या एक अक्का विड्या वळतात, त्यांनी पाटल्या गहाण ठेवून आणलेले पन्नास हजार गेले. अक्कांचे पैसे गेले याचा राग माझ्या मनातून अजून जात नाही. हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं, हे पूर्व भागातल्या माणसाला सांगायला नको.

मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल कारखान्यांची अकाउंट्स लिहितो. सूत किती आलं, माल किती निघाला, शिल्लक किती, हे जुळवण्यात दिवस जातो. या टोकनचंही शेवटी मी तेच केलं. जो आकडा त्यांच्या मीटिंगमध्ये सांगितला जात होता आणि जो आकडा खरोखर होता, त्यांचा एकमेकांशी काही संबंध नव्हता. खरा आकडा कुठे बघायचा आणि कसा बघायचा, ते सांगण्यासाठी हे लिहितोय.

आधी त्यांनी काय सांगितलं ते बघा, कारण त्यातलं निम्मं खरं होतं आणि म्हणूनच ते गळी उतरलं. जानेवारीतली गड्ड्याची यात्रा नुकतीच उरकली होती. होटगी रोडवरच्या एका हॉलमध्ये मीटिंग, चहा-नाश्ता, पडद्यावर रंगीत आलेख. बोलणारा म्हणाला, बिटकॉइन जगात २ कोटी १० लाखांच्या वर कधीच होणार नाहीत. खरं आहे. म्हणाला, दर चार वर्षांनी नवे बिटकॉइन निघण्याचा वेग निम्मा होतो. हेही खरं आहे. २००९ मध्ये दर ब्लॉकमागे (ब्लॉक म्हणजे व्यवहारांच्या नोंदवहीतलं एक पान) ५० निघायचे, २०१२ मध्ये २५ झाले, २०१६ मध्ये १२.५, २०२० मध्ये ६.२५, आणि पुढे एप्रिल २०२४ मध्ये ३.१२५ झाले. मग तो म्हणाला, ‘आपलं टोकन तसंच. एकूण १० कोटी. अकरावा कोटी कधी निघणार नाही.’

खोटं इथे होतं. बिटकॉइनची मर्यादा जगभर हजारो लोक आपापल्या संगणकावर जे सॉफ्टवेअर चालवतात त्यात लिहिलेली आहे. एका माणसाने मनात आणलं म्हणून ती बदलत नाही. या टोकनची १० कोटींची मर्यादा पीडीएफमध्ये होती आणि बोलणाऱ्याच्या तोंडात होती. टोकनच्या मूळ प्रोग्रामला कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. त्यात मर्यादेची एक ओळही नव्हती. उलट नवे टोकन छापणारं ‘मिंट’ नावाचं एक फंक्शन होतं, आणि ते चालवायचा अधिकार एकाच पत्त्याकडे (पत्ता म्हणजे इथे खाते क्रमांकासारखं) होता, मालकाच्या.

कुणीतरी उठून विचारलं, हे कायदेशीर आहे का ओ? लगेच उत्तर आलं, ‘सरकार २०२२ पासून क्रिप्टोच्या नफ्यावर ३० टक्के टॅक्स घेतंय, १ टक्का टीडीएस कापतंय. बेकायदेशीर असतं तर घेतलं असतं का?’ कर खरा आहे. पण आयकर कायद्याने कर लावला म्हणजे अमुक कंपनीला लोकांकडून पैसे गोळा करायचा परवाना मिळाला असं होत नाही. हॉलमध्ये हे सांगणारं कुणी नव्हतं.

योजना अशी होती: टोकन घ्या, ॲपमध्ये ‘स्टेक’ करा, म्हणजे न विकता अडकवून ठेवा, रोज १ टक्का टोकन मिळतील. आता हे गणित शांतपणे करा. रोज १ टक्का चक्रवाढीने वाढलं तर वर्षभरात जवळजवळ ३८ पट होतं. सगळ्यांनी स्टेक केलं तर १० कोटींचे वर्षाअखेर ३७८ कोटी व्हायला हवेत. म्हणजे ‘१० कोटींच्या वर नाही’ आणि ‘रोज १ टक्का’ ही दोन वाक्यं एकाच तोंडातून खरी निघूच शकत नाहीत. व्याज द्यायला नवे टोकन छापावेच लागतात. हे समजायला क्रिप्टो कळावं लागत नाही, कॅल्क्युलेटर पुरतो.

पहिले काही महिने पैसे मिळाले. साडूंनी एकदा वीस हजार काढलेसुद्धा, आणि ते खात्यात आलेले बघून आणखी चौघांनी पैसे घातले. दसऱ्याच्या आसपास ‘विथड्रॉल’ दाबलं की ‘पेंडिंग’ यायला लागलं. ज्याने आम्हाला यात आणलं तो म्हणायचा, ‘मालक, सिस्टीम अपग्रेड चालू आहे. भाव बघा की, बारा रुपये झालाय.’ ॲपमध्ये भाव खरंच बारा दिसत होता. ॲप त्यांचंच होतं, त्यामुळे आकडाही त्यांना हवा तोच दिसायचा.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीच्या सुट्टीत तो आला, टोकनचा कॉन्ट्रॅक्ट पत्ता मागितला आणि ब्लॉकचेन एक्सप्लोरर उघडला. ब्लॉकचेन म्हणजे सगळ्या व्यवहारांची सार्वजनिक नोंदवही, आणि एक्सप्लोरर म्हणजे ती वाचायची वेबसाइट. इथेरियम नावाच्या ब्लॉकचेनवरच्या टोकनसाठी इथरस्कॅन असतं, बीएनबी चेनसाठी बीएससीस्कॅन. कुणालाही फुकट बघता येतं, लॉगिन लागत नाही. पत्ता टाकला की टोकनचं पान उघडतं आणि वरच एकूण पुरवठा लिहिलेला असतो. तिथे २६० कोटींच्या पुढचा आकडा होता. साडूंना आधी वाटलं की पान चुकीचं उघडलंय. ‘रीड कॉन्ट्रॅक्ट’मध्ये जाऊन ‘टोटल सप्लाय’ दाबलं, तर भलामोठा आकडा आला. अशा बहुतेक टोकनना १८ दशांश स्थळं असतात, म्हणून शेवटचे १८ अंक सोडून वाचायचं. वाचलं. तेच, २६० कोटी.

तो आजचा आकडा झाला. मला आधीचा हवा होता, कधी किती वाढलं ते. तेही निघतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं हेच आहे. नवं टोकन जन्माला येतं तेव्हा व्यवहारांच्या यादीत ‘कुणाकडून’च्या रकान्यात शून्य पत्ता दिसतो: ०x आणि पुढे नुसती शून्यं. टोकन खरोखर नष्ट होतं तेव्हा तोच पत्ता ‘कुणाला’च्या रकान्यात येतो. त्या पत्त्यावर चाळणी लावून यादी उतरवून घेतली. एका वेळी ५,००० ओळीच मिळतात, म्हणून तारखा बदलून तुकड्यातुकड्याने घ्यावी लागली. मग एक्सेलमध्ये जन्मलेले अधिक, जळालेले वजा, आणि शेजारी चालती बेरीज. अगदी स्टॉक रजिस्टर. यात्रेच्या सुमारास १० कोटी. गुढीपाडव्याला १९ कोटी. आषाढीला ५२ कोटी. दिवाळीत २६० कोटी. कंपनीच्या वेबसाइटवर मात्र त्याच काळात ‘पुरवठा’ नावाचा आलेख १० कोटींवरून ९ कोटी ३० लाखांवर उतरताना दिसत होता.

सगळं व्याजापोटी निघालं नव्हतं. साठेक कोटी टोकन थेट तीन पत्त्यांवर गेले होते, आणि तिथून थोडे थोडे करून बाजारात विकले होते. आम्ही रोख देऊन जे विकत घेत होतो, ते हेच.

‘बर्न’चा कार्यक्रम मला सगळ्यात जास्त लागला. जूनमध्ये त्यांनी ऑनलाइन सोहळा केला होता. उलटी मोजणी, टाळ्या, आणि रात्री साडेआठला ५० लाख टोकन जाळले. अक्कासुद्धा नातवाच्या मोबाइलवर बघत बसल्या होत्या. यादीत तो व्यवहार आहे, वेळ १५:००. एक्सप्लोररवर जागतिक वेळ असते, साडेपाच तास मिळवले की आपली होते. त्याच्याच वर, १८:१० ला, म्हणजे आपल्या रात्री अकरा चाळीसला, शून्य पत्त्यावरून ३ कोटी नवे टोकन निघाले. लोक जेवून झोपेपर्यंत सहापट परत छापलं.

बर्नबद्दल आणखी एक लक्षात ठेवा. बरेच जण शून्य पत्त्याऐवजी ‘डेड’ पत्त्यावर, म्हणजे ज्याची किल्ली कुणाकडेच नाही अशा पत्त्यावर, टोकन पाठवतात. ते परत वापरता येत नाहीत हे खरं, पण त्याने ‘टोटल सप्लाय’चा आकडा कमी होत नाही, तो आपण हाताने वजा करायचा. आणि ज्या पत्त्यावर जाळलं म्हणतात तिथून कधी काही बाहेर गेलंय का तेही बघायचं. जळालेलं बाहेर जात नाही.

तरी टोकन वाढल्याने आपलं काय बिघडतं, आपली संख्या तर तीच, असं मला खूप जणांनी विचारलं. लग्नात पाचशे पानांचा स्वयंपाक केला आणि जेवणाचे पास पाच हजार वाटले, तर पास हातात असूनही पंगतीला बसायला मिळत नाही. इथे स्वयंपाक म्हणजे लिक्विडिटी पूल, ज्यात टोकन टाकून आपण टिथरसारखं (डॉलरच्या भावाला बांधलेलं टोकन) खरं मोल असलेलं काहीतरी बाहेर काढतो. दिवाळीत ॲपच्या भावाने सगळ्या टोकनची किंमत ३,१२० कोटी रुपये होत होती. ते घ्यायला पूलमध्ये होते सुमारे १८ लाख रुपयांचे टिथर. पहिले दहा-वीस जण बाहेर पडले की संपलं.

पुरवठा वाढतो म्हणून प्रत्येक टोकन फसवं, असं मी म्हणत नाही. इथेरियमला ठरलेली कमाल मर्यादा नाही, ऑगस्ट २०२१ पासून व्यवहार शुल्काचा एक भाग तिथे जळतो, आणि दोन्ही बाजू कुणालाही मोजता येतात. टिथर तर मागणीप्रमाणे काढतात आणि तसं सांगूनच काढतात. चोरी तिथे असते जिथे सांगितलेला आकडा आणि निघालेला आकडा वेगळा असतो.

वाढत्या पुरवठ्यात काय होतं ते जगाने लुना या क्रिप्टो कॉइनमध्ये पाहिलं. मे २०२२ मध्ये काही दिवसांत तिची संख्या सुमारे ३५ कोटींवरून साडेसहा लाख कोटींवर गेली, आणि ८० डॉलरच्या आसपासचा भाव सेंटच्या छोट्याशा अंशावर आला. वनकॉइन या फसव्या योजनेने २०१६ मध्ये मर्यादा २१० कोटींवरून १२,००० कोटींवर नेली आणि लोकांच्या खात्यातले कॉइन ‘दुप्पट’ करून दिले. लोक खूश झाले, आणि मागे खरी ब्लॉकचेनच नव्हती. वर्षभरात त्याची प्रमुख बाई गायब झाली, ती आजही अमेरिकेच्या एफबीआयला हवी आहे. पुण्यात गुन्हे नोंदलेलं गेनबिटकॉइन तर आपल्या घराजवळचं. आधी बिटकॉइनमध्ये परतावा द्यायचं वचन होतं, नंतर हातात स्वतःचंच एमकॅप नावाचं टोकन ठेवलं.

आमच्याकडेही शेवटी तेच झालं. नोव्हेंबरअखेर मेसेज आला: जुनं टोकन बंद, ‘व्ही टू’ येतंय, शंभर जुन्यांना एक नवं. आणि त्या बदलासाठी शुल्क भरा. अक्कांनी तेही तीन हजार भरायची तयारी केली होती, भाच्याने अडवलं. तुमच्याकडे असा मेसेज आला असेल तर एक रुपयाही भरू नका. ही दुसरी लूट असते.

नवं काही कुणी दाखवलं तर त्याच्याकडून वेबसाइट, पीडीएफ, आलेख काही घेऊ नका. फक्त कॉन्ट्रॅक्टचा पत्ता मागा. पत्ता द्यायला टाळाटाळ केली तर तिथूनच उठा. दिला तर कोड तपासून प्रसिद्ध केलेला आहे का, मिंट कुणाच्या हातात आहे, कोड मागाहून बदलता येतो का, आणि शून्य पत्त्यावरून गेल्या महिन्यात किती निघाले, हे एखाद्या जाणत्या पोराकडून बघून घ्या. ‘होल्डर्स’ची, म्हणजे टोकन कुणाकडे किती आहेत त्याची, यादीही बघा. काही लबाड कॉन्ट्रॅक्ट गुपचूप शिल्लक वाढवतात आणि एकूण आकडा तसाच ठेवतात. तेव्हा लोकांकडच्या टोकनची बेरीज एकूण पुरवठ्यापेक्षा जास्त भरते.

आम्ही सायबर पोलिसांकडे तक्रार दिली आहे, तपास सुरू आहे. सोबत ती एक्सेलची यादी, व्यवहारांचे हॅश (प्रत्येक व्यवहाराचा ओळख क्रमांक) आणि तीन पत्ते छापून दिले. घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी सगळ्यात आधी बँकेतून पैसे कुठे गेले ते विचारलं, म्हणून यूपीआयचे व्यवहार क्रमांक आधी काढून ठेवा. पैसे नुकतेच गेले असतील तर त्याच तासाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पुढचं खातं गोठवता येण्याची शक्यता तेव्हाच असते. आपल्यासारखे अनेक जण असतील तर एकत्र जा. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा राज्याचा १९९९ चा कायदा आहे, त्याखाली गुन्हा बसतो का ते वकिलांकडून विचारून घ्या. ज्यांनी रोख दिली त्यांनी व्हॉट्सॲपचं बोलणं पुसू नका, ग्रुपमधून लगेच बाहेरही पडू नका. आधी सगळं उतरवून घ्या. ॲप उघडत असेल तोवर शिल्लक दाखवणाऱ्या पानाचे स्क्रीनशॉट तारखेसह काढा. आमचं ॲप डिसेंबरमध्ये बंद पडलं, आणि ज्यांनी ते काढले नव्हते त्यांच्याकडे दाखवायला काही उरलं नाही.