बडोद्यातल्या रविवारच्या मराठी वर्गासाठी स्टोरीवीव्हर : तीन वर्षांच्या वापरानंतरचा अभिप्राय

दांडिया बाजारातल्या एका जुन्या घराच्या माडीवर मी दर रविवारी सकाळी दोन तास मराठीचा वर्ग घेते. वर्गातली मुले सहा ते अकरा वर्षांची आहेत. त्यांच्या घरी आजी-आजोबा मराठी बोलतात, आई-वडील मराठीत गुजराती मिसळून बोलतात, आणि शाळा गुजराती किंवा इंग्रजी माध्यमाची असते. या मुलांना मराठी ऐकून कळते, बऱ्यापैकी बोलताही येते, परंतु वाचायला दिले की ती अडतात. महाराष्ट्रातली पाठ्यपुस्तके त्यांना जड जातात, कारण त्या पुस्तकांनी गृहीत धरलेला शब्दसंग्रह या मुलांपाशी नसतो. आणि अगदी लहान मुलांची पुस्तके हातात दिली, तर दहा वर्षांच्या मुलाला ती बाळबोध वाटतात. अशा वर्गासाठी वाचनसाहित्य शोधताना प्रथम बुक्स या ना-नफा प्रकाशनसंस्थेचे स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ मी तीन वर्षांपूर्वी वापरू लागले. ते आता माझ्या वर्गाचा मुख्य आधार झाले असल्यामुळे त्याबद्दल सविस्तर लिहावे असे वाटले.

स्टोरीवीव्हर २०१५ साली ८ सप्टेंबरला, म्हणजे आंतरराष्ट्रीय साक्षरता दिनी सुरू झाले. आज तिथे तीनशेहून अधिक भाषांतल्या सचित्र गोष्टी आहेत आणि त्यांत मराठी व गुजराती या दोन्ही भाषांचा चांगला साठा आहे. गोष्ट वाचण्यासाठी पैसे पडत नाहीत आणि खातेही उघडावे लागत नाही. परंतु केवळ फुकट मिळते म्हणून मी ते सुचवत नाही. शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर फुकट मिळणाऱ्या पीडीएफ फायलींचा ढीग रोज पडत असतो आणि त्यांतल्या बहुतेक निरुपयोगी असतात, कारण त्या आहेत तशाच वापराव्या लागतात. एखाद्या वाक्यातला एक शब्द माझ्या वर्गाला अवघड असला, तर तो मला बदलता येत नाही. स्टोरीवीव्हरवर तो बदलता येतो, कायद्याने बदलता येतो आणि बदललेली गोष्ट पुन्हा सर्वांसाठी ठेवताही येते. माझ्या मते त्या संकेतस्थळाचे खरे मोल यातच आहे.

इथे कायद्याचा मुद्दा थोडा उलगडून सांगायला हवा, कारण त्याबाबत शिक्षकांमध्ये बराच गोंधळ आढळतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ नुसार शिक्षकाने शिकवण्याच्या ओघात एखाद्या साहित्याची प्रत काढली, तर तो हक्कभंग ठरत नाही. ही सवलत मोलाची आहे, परंतु तिचा आधार शिकवण्याची क्रिया हा आहे. एखाद्या पुस्तकातली चार पाने मी माझ्या मुलांसाठी झेरॉक्स करणे वेगळे, आणि तीच पाने स्कॅन करून दोनशे जणांच्या गटावर कायमची टाकणे वेगळे. लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षेपर्यंत हक्क कायम राहत असल्याने जुने म्हणून मोकळे असेही म्हणता येत नाही. स्टोरीवीव्हरवरच्या गोष्टी क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘सीसी बाय ४.०’ या परवान्याखाली असतात. त्याचा अर्थ असा, की गोष्ट कोणीही छापावी, वाटावी, भाषांतरित करावी, तिच्यात फेरफार करावेत, इतकेच काय, विकावीही. अट एवढीच, की मूळ लेखक-चित्रकारांची नावे आणि परवाना नमूद करावा, आणि बदल केला असल्यास तसे सांगावे.

‘विकावीही’ हा शब्द ऐकून आमच्या गटातल्या दोन शिक्षिका अस्वस्थ झाल्या होत्या आणि त्यांची अस्वस्थता मला समजते. आपण रात्री जागून केलेल्या कामावर दुसऱ्याने पैसे मिळवावेत, हे मनाला पटत नाही. परंतु मला आलेला अनुभव निराळा आहे. काही वर्षांपूर्वी मी जोडाक्षरांची बारा सरावपाने तयार करून एका गटावर टाकली होती. पुढच्याच वर्षी ती एका खासगी शिकवणीवर्गाच्या छापील वहीत मला दिसली. माझे नाव काढून त्या जागी त्यांचे बोधचिन्ह आले होते. तेव्हा दुखावले ते नाव पुसले म्हणून, त्यांनी पैसे घेतले म्हणून नव्हे. त्या पानांवर मी कोणतीही अट लिहिलेली नव्हती, हेही खरे. त्यामुळे नाव राखण्याची सक्ती करणारा आणि बाकी सर्व मोकळे ठेवणारा परवाना मला योग्य वाटतो.

हे नाव राखण्याचे काम स्टोरीवीव्हर स्वतःच करते. गोष्टीच्या शेवटी श्रेयनामावलीचे पान असते. मूळ गोष्ट कोणाची, भाषांतर कोणाचे, चित्रे कोणाची, परवाना कोणता, हे सगळे तिथे आपोआप येते. माझ्या भाषांतरावरून दुसऱ्या कोणी वेगळी आवृत्ती केली, तरी आधीची नावे साखळीसारखी पुढे चालू राहतात. झेरॉक्सचे पैसे वाचवायला हे शेवटचे पान गाळण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

प्रत्यक्ष वापराकडे येते. गोष्टी चार पातळ्यांत विभागलेल्या आहेत. पहिल्या पातळीत ओळखीचे, पुन्हा पुन्हा येणारे शब्द आणि साधारण २५० शब्दांपर्यंतचा मजकूर असतो. दुसरी ६०० पर्यंत जाते, तिसरी १५०० पर्यंत, आणि चौथी त्यापुढची. ही विभागणी उपयोगी आहे, परंतु मराठीसाठी ती पुरेशी नाही. मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जात असल्याने ‘शेजारच्यांनासुद्धा’ हा एकच शब्द मोजला जातो, आणि गुजराती शाळेत शिकणारे मूल त्या एका शब्दाशी अर्धा मिनिट झुंजते. शब्दसंख्या कमी असूनही ‘आश्चर्याने’, ‘स्वच्छ’, ‘दुसऱ्या’ असे शब्द एकाच पानावर आले, तर पहिल्या पातळीची गोष्टही माझ्या वर्गात तिसऱ्या पातळीची ठरते. म्हणून मी निवड करताना पातळीचा आकडा नुसता पाहून ठेवते आणि जोडाक्षरे स्वतः मोजते. एका पानावर तीनपेक्षा जास्त आढळली, तर ती गोष्ट वाचायला न देता वाचून दाखवते. मराठी शिकवणाऱ्या प्रत्येकीने स्वतःची अशी एखादी मोजपट्टी करून घ्यावी.

माझ्या वर्गाला सर्वांत जास्त उपयोग झाला तो एकच गोष्ट दोन भाषांत मिळण्याचा. गुजराती आणि मराठी आवृत्त्यांत चित्रे तीच असतात आणि पानांची मांडणीही तीच असते. माझी मुले शाळेत गुजराती लिपी शिकलेली असल्याने शिरोरेषेखालची अक्षरे त्यांना आधी परकी वाटतात. क, ग, म ती पटकन ओळखतात, पण ख, ज, झ, ब यांपाशी थबकतात, कारण गुजरातीत ती अक्षरे वेगळ्या वळणाची आहेत. डाव्या हाताला गुजराती पान आणि उजव्या हाताला मराठी पान ठेवून वाचताना अर्थ आधीच हाती असतो आणि सगळे लक्ष अक्षरावर देता येते. दोन महिन्यांच्या अशा वाचनानंतर मी गुजराती पान काढून घेते. शब्दांच्या गमतीही यातूनच निघतात : गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, मोकळा, मराठीत ‘नवरा’ म्हणजे काय हे मुलांना ठाऊक असते, आणि मग त्या एका शब्दावर अख्खा तास कधी रंगतो ते कळत नाही.

भाषांतराची सोयही साधी आहे. एका बाजूला मूळ मजकूर दिसतो आणि शेजारी आपले वाक्य थेट युनिकोड देवनागरीत टंकता येते. ज्यांनी जुने टंक (फॉन्ट) वापरून प्रश्नपत्रिका केल्या आहेत, त्यांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. युनिकोडपूर्व टंकात लिहिलेली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडली, की मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक सडा पडतो. माझ्यापाशी सहकारी शिक्षकांनी दिलेल्या अशा कितीतरी फायली पडून आहेत. त्यांतले उत्तम काम आज कोणालाच वाचता येत नाही.

भाषांतर कोणीही करू शकत असल्यामुळे त्याचा दर्जा सारखा राहत नाही, हे मात्र वापरणाऱ्याने गृहीत धरले पाहिजे. हिंदीवरून घाईने आणलेल्या मराठीत ‘शिक्षा’ हा शब्द शिक्षणाच्या अर्थाने येऊ शकतो आणि मराठी मूल तो अर्थातच मार समजते. म्हणून मी प्रत्येक गोष्ट वर्गात नेण्यापूर्वी एकदा मोठ्याने वाचते. प्रकाशनसंस्थेने स्वतः काढलेल्या गोष्टी संपादित असतात, हा त्यांतल्या त्यांत भरवशाचा मार्ग आहे. नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी तिथूनच करावी.

मी स्वतः तिथल्या चित्रसंग्रहातली चित्रे घेऊन एक छोटी गोष्ट रचली. एक मुलगी रविवारी आजोबांचे बोट धरून शेव-उसळ खायला निघते आणि वाटेत विश्वामित्रीच्या पुलावरून मगर शोधते. बडोद्याच्या मुलांना नदीतली मगर ही रोजची गोष्ट असल्यामुळे ती वाचताना त्यांचा आवाज चढतो. काही महिन्यांनी इंदूरमध्ये मराठी शिकवणाऱ्या एका शिक्षिकेने तिची पातळी बदलून सोपी आवृत्ती केली. तिने लांब वाक्ये तोडली, मगर वगळली आणि शेव-उसळीच्या जागी पोहे-जलेबी आणली. शेवटच्या पानावर माझ्या नावाखाली तिचे नाव होते. त्या बाईंना मी कधी भेटलेले नाही, परंतु माझ्या कामाला मिळालेली ती सर्वांत चांगली दाद होती. मी ती आवृत्तीही वर्गात वाचायला घेतली, तेव्हा एका मुलाने विचारले, की दुसऱ्या गावातली मुले मगरीला घाबरतात म्हणून तिला काढले का.

पुस्तके अशी सर्वांमध्ये फिरती ठेवण्याच्या कल्पनेचे आमच्या गावाला अप्रूप वाटण्याचे कारण नाही. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली संपूर्ण संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि १९१० साली विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून ग्रंथालयांचे जाळे उभारले. त्या जाळ्यातून पुस्तकांच्या लाकडी पेट्या गावोगाव फिरत असत. पेटी गावात यायची, वाचली जायची आणि पुढच्या गावाला जायची. ताराबाई मोडकांनी भावनगरला गिजुभाई बधेकांसोबत बालशिक्षणाचे काम केले आणि तो विचार गुजरातीतून मराठीत आणला. गुजराती-मराठी अशी ही ये-जा आपल्याकडे जुनीच आहे. फरक एवढाच, की पेटीतल्या पुस्तकावर गावच्या मास्तरांना काही लिहिता येत नव्हते.

छपाईबद्दल थोडे सांगते, कारण मुलांच्या हाती फोन देण्याच्या मी विरोधात आहे. डाउनलोड करताना हलकी आणि भारी अशा दोन्ही दर्जांची पीडीएफ मिळते. फोनसाठी हलकी पुरते, छापण्यासाठी भारी घ्यावी. ए-फोर कागदावर दोन्ही बाजूंनी बुकलेट पद्धतीने छापल्यास बारा पानांची गोष्ट तीन कागदांत बसते. मधोमध दुमडून दोन पिना मारल्या की पुस्तक तयार होते. रावपुऱ्यातले आमचे झेरॉक्सवाले काका आता न सांगता तसे छापून देतात. काळ्या-पांढऱ्या छपाईत गडद चित्रे काळवंडतात आणि त्यांवरचा मजकूर दिसेनासा होतो, तेव्हा पांढऱ्या पार्श्वभूमीवर मजकूर असलेल्या गोष्टी निवडाव्यात.

अभ्यासक्रमाला धरून साहित्य हवे असणाऱ्यांचे समाधान इथे होणार नाही. त्यांच्यासाठी २०१७ साली सुरू झालेले दीक्षा हे शासकीय व्यासपीठ आणि पाठ्यपुस्तकांवरचे क्यूआर कोड अधिक सोयीचे आहेत. सरावपाने, शब्दपत्ते, खेळाचे तक्ते यांचीही स्टोरीवीव्हर ही जागा नव्हे. ते साहित्य मी गुगल ड्राइव्हवरच्या एका सामायिक फोल्डरमध्ये ठेवते. पाहायला पीडीएफ आणि बदलायला मूळ फाइल अशा दोन्ही प्रती तिथे असतात, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी, त्या बारा सरावपानांवर लिहायची राहून गेलेली ओळ आता न चुकता असते : ‘सीसी बाय ४.०. हे पान कोणीही वापरावे, बदलावे, छापावे. आधीची नावे राहू द्यावीत आणि बदल केल्यास त्याखाली आपले नाव लिहावे.’