रिटर्न वेगवेगळं, औषधपाणी एकत्र: एचएसएचा वर्षभराचा अनुभव

आम्ही न्यू जर्सीत असतो. नवऱ्याच्या फेडरल शैक्षणिक कर्जाचा हप्ता उत्पन्नावर ठरतो. टॅक्स रिटर्न वेगळं भरलं की त्यात फक्त त्याचाच पगार धरतात, म्हणून आम्ही दोघं स्वतंत्र रिटर्न भरतो. कर्जाच्या व्याजाची वजावट त्यामुळे जाते, पण हप्त्यात वाचतात ते पैसे त्याहून कितीतरी जास्त. विमा मात्र माझ्या कंपनीचा, जास्त डिडक्टिबलचा (विमा पैसे देऊ लागण्याआधी आपण स्वतः भरायची रक्कम) फॅमिली प्लॅन. एचएसए, म्हणजे औषधपाण्यासाठी करात सवलत मिळणारं बचत खातं, दोघांचीही आहेत.

जॉइंट एचएसए असा प्रकारच नाही, खातं एकट्याच्या नावावरच असतं. वर्षाला पैसे भरायची मर्यादा मात्र दोघांत मिळून एकच: 2025 साठी 8,550 डॉलर, कंपनी भरते तेही त्यातच धरून. रिटर्न दोन झाली म्हणून ती दुप्पट होत नाही. काहीच ठरवलं नाही तर निम्मीनिम्मी, नाहीतर आपसात ठरवाल तशी. आम्ही मोठा वाटा माझ्याकडे ठेवला, कारण माझ्या पगारातून परस्पर जाणाऱ्या रकमेवर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे करही कापत नाहीत. तो बँकेतून भरतो आणि स्वतःच्या फॉर्म 8889 वर (रिटर्नसोबतचा एचएसएचा फॉर्म) वजावट घेतो.

खर्चाच्या बाबतीत खातं फार सोयीचं आहे. नवऱ्याच्या रूट कॅनालचं बिल माझ्या कार्डावर भरलं, रिटर्न वेगळं असलं तरी चालतं. एकाच बिलाचे पैसे दोन खात्यांतून दोनदा मात्र काढता येत नाहीत. म्हणून पावतीचा फोटो काढला की फाइलच्या नावातच कुणाच्या खात्यातून पैसे गेले ते लिहितो. ही सवय लावून घ्याच.

खरा धोका एफएसएचा, म्हणजे नोकरीतून मिळणाऱ्या औषधपाण्याच्या खर्चाच्या दुसऱ्या खात्याचा. नवऱ्याच्या ऑफिसातलं साधं हेल्थ एफएसए बायकोच्या खर्चालाही चालतं, म्हणून त्याने ते घेतलं की दोघांनाही एचएसएत पैसे भरता येत नाहीत. फक्त दात-डोळ्यांपुरतं, लिमिटेड पर्पज एफएसए चालतं. ओपन एनरोलमेंटच्या (ऑफिसातले विमा वगैरे लाभ निवडायच्या) वेळी दोघांनी शेजारी बसूनच फॉर्म भरा.

तक्रार एकच, पण गंभीर. आम्ही घेतलेलं टॅक्स सॉफ्टवेअर दोन्ही रिटर्नमध्ये पूर्ण फॅमिली मर्यादा दाखवत होतं. त्यावर विसंबून कुणी जास्त भरलं आणि वेळेत काढून घेतलं नाही, तर दरवर्षी 6 टक्के दंड. वाटणीचा आकडा स्वतःच घाला.

आणि न्यू जर्सीकरांनो, आपलं राज्य एचएसएची सवलत मानत नाही. डब्ल्यू-2 वर (कंपनी देते तो वर्षाच्या पगाराचा फॉर्म) बॉक्स 16 चा, म्हणजे राज्याच्या करासाठीच्या पगाराचा, आकडा बॉक्स 1 मधल्या फेडरल आकड्यापेक्षा मोठा दिसला तर घाबरू नका, तो बरोबर आहे. 2026 ची मर्यादा 8,750 आहे. आम्ही हीच वाटणी पुढे चालू ठेवली आहे.